भाकरीतील लोह : बाजरीच्या पोषक वाणांची निपज व प्रसार

सोलापूर जिल्हा हा अवर्षणप्रवण प्रदेशातील एक प्रमुख जिल्हा होय. येथे पाऊस उशिरा येतो, मध्येच खंड पाडतो, आणि त्याचा मोठा भाग सप्टेंबरात पडतो. ह्याच कारणास्तव १९३३ मध्ये सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र स्थापन झाले, व मोहोळ येथील केंद्रात निवड पद्धतीने काढलेली मालदांडी ज्वारी ‘एम ३५-१’ ह्या नावाने सर्व दख्खन पठारावर पसरली. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे ह्या जिल्ह्याची ओळख रब्बी ज्वारीचे कोठार अशीच आहे. तथापि ज्या हलक्या व उथळ जमिनीवर रब्बी ज्वारी उभी राहू शकत नाही, तेथे खरिपात बाजरीच कुटुंबाचे पोट भरते. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी ज्या घरात होत नाही, असे घर ह्या भागात क्वचितच आढळेल.

आजवर बाजरीचे मूल्यमापन आपण दोन मापांनी करीत आलो : एकरी धान्य किती व कडबा किती. आता तिसरे माप पुढे आले आहे. त्या धान्यात शरीरास लागणारे लोह व जस्त किती, हे ते माप होय. हे माप डोळ्यांना दिसत नाही, तराजूत उतरत नाही आणि बाजारात त्याला अद्याप वेगळा भावही मिळत नाही. म्हणूनच ते समजावून घेणे व इतरांस समजावून देणे, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याचे विशेष कर्तव्य ठरते.

प्रश्नाचे स्वरूप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २०२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे आढळून आले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हेच प्रमाण ६८.९ टक्के होते. म्हणजे दर दहा बालकांत जवळजवळ सात बालकांच्या रक्तात तांबड्या द्रव्याची उणीव आहे. ही मुले उपाशी असतातच असे नाही. त्यांचे पोट भरलेले असते, परंतु अन्नातून मिळणारे लोह शरीराच्या गरजेला पुरत नाही. बाहेरून न दिसणारी ही भूक आहे. बाई खुरपणी करताना लवकर दमते, मूल शाळेत पेंगते, बाळंतपणात धोका वाढतो. पण ह्या गोष्टींचा संबंध ताटातील धान्याशी आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. पोटातील जंत, वारंवार येणारी बाळंतपणे, इतर जीवनसत्त्वांची उणीव ही त्यांपैकी काही होत. परंतु लोहाची कमतरता हे त्यांतील एक मोठे कारण आहे. भाजीपाला, कडधान्ये, अंडी, मांस यांचा आहारात समावेश करणे हा उत्तम उपाय खरा. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी उन्हाळ्यात भाजी दुर्मिळ होते, आणि भाकरी मात्र रोज होते. जे अन्न रोज खाल्ले जाते तेच अधिक पोषक करावे, असा विचार ह्यातूनच पुढे आला. ह्या कार्यासाठी जागतिक पातळीवर ‘हार्वेस्टप्लस’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे प्रवर्तक हॉवर्थ बोईस यांना २०१६ मध्ये जागतिक अन्न पारितोषिक इतरांसमवेत देण्यात आले.

लोह दाण्यात कसे वाढविले जाते ?

कित्येक शेतकरी बंधू विचारतात की, हे लोह पिठात मिसळलेले असते काय ? अथवा बियाण्यास काही औषध चोळलेले असते काय ? तसे मुळीच नाही. जमिनीत असलेले लोह व जस्त मुळांवाटे घेऊन ते दाण्यात साठविण्याची शक्ती प्रत्येक झाडात कमी-अधिक असते. एखाद्या म्हशीच्या दुधाला फॅट जास्त लागते, दुसरीच्या कमी, तसाच हा प्रकार आहे. ती शक्ती ज्या झाडांत अधिक आहे ती निवडावयाची, त्यांचा आपसांत संकर घडवावयाचा, व पिढ्यान्‌पिढ्या निवड चालू ठेवावयाची, हीच ह्या कामाची रीत. ह्यात परक्या जीवाचा अंश घालण्याचा काही संबंध नाही.

बाजरी ह्या कामास विशेष अनुकूल पीक ठरले. जगभरातून गोळा केलेल्या बाजरीच्या नमुन्यांत दर किलो दाण्यात लोहाचे प्रमाण सुमारे ३० मिलिग्रॅमपासून १०० मिलिग्रॅमच्याही वर आढळते. निवडीला इतका वाव असलेली तृणधान्ये थोडीच आहेत. शिवाय ज्या झाडात लोह अधिक त्यात बहुधा जस्तही अधिक असते. त्यामुळे एकाची निवड करताना दुसऱ्याचीही आपोआप होते.

ह्या गुणाचा एक मोठा स्रोत पश्चिम आफ्रिकेतून आला. टोगो, घाना, बुर्किना फासो व बेनिन या देशांत ‘इनियाडी’ नावाचा गावरान बाजरीचा एक प्रकार आहे. तो लवकर पिकतो व त्याचा दाणा टपोरा असतो. टोगोच्या उत्तर भागातील ह्या बाजरीतून मोजक्या संतती निवडून हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने ‘आयसीटीपी ८२०३’ हा वाण तयार केला. १९८८ मध्ये तो महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाला. लवकर पक्वता, ठसठशीत दाणा व गोसावी रोगास प्रतिकार या गुणांमुळे आपल्या राज्यातील शेतकऱ्यांनी तो आपलासा केला. त्या काळी त्याच्या लोहाकडे कोणाचे लक्ष नव्हते. पुढे तपासणीत असे दिसून आले की, हा वाण लोहाच्या बाबतीतही सरस आहे; आणि त्याच्याच पोटात, झाडाझाडांत, आणखी फरक दडलेला आहे.

डॉ. केदारनाथ राय व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या फरकाचा उपयोग करून घेतला. आयसीटीपी ८२०३ मधील अधिक लोहाच्या संतती वेगळ्या काढून, त्यांचा आपसांत मुक्त संकर घडवून सुधारित वाण तयार करण्यात आला. महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या सहकार्याने तो ‘धनशक्ती’ या नावाने २०१२ मध्ये महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या हाती आला, व २०१४ मध्ये संपूर्ण देशासाठी मान्य झाला. केवळ लोहवृद्धीच्या हेतूने निपजवून प्रसारित झालेला भारतातील हा पहिला वाण होय. त्यात दर किलोस सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह व ४० मिलिग्रॅम जस्त असते. मूळ वाणापेक्षा लोह ९ टक्के व धान्योत्पादन ११ टक्के अधिक मिळाले. उत्पादन घटविल्याशिवाय पोषण वाढविता येते, हे ह्यावरून सिद्ध झाले.

पैदासकाराच्या अडचणी

हे काम वाटते तितके सोपे नाही. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर पडतात व पुंकेसर काही दिवसांनी. त्यामुळे परागीभवन प्रायः दुसऱ्या झाडाच्या परागांनी होते. एखाद्या झाडाचा गुण शुद्ध ठेवावयाचा तर कणीस निसवताच त्यावर कागदी पिशवी चढवावी लागते.

दुसरी अडचण मोजमापाची. एक किलो दाण्यात ७० मिलिग्रॅम लोह, म्हणजे चिमटीभर मिठाहूनही कमी. दाण्यावर शेतातील धूळ बसली किंवा मळणी लोखंडी यंत्रात झाली तर त्या धुळीचे वा गंजाचे लोह दाण्याचेच समजले जाण्याची भीती असते. ह्यास्तव नमुन्याची कणसे स्वच्छ कापडी पिशवीत ठेवून जपून मळतात. धुळीत भरपूर असलेले अॅल्युमिनियमही त्याच वेळी मोजतात. ते जास्त निघाल्यास नमुना दूषित समजून टाकून देतात. पूर्वी प्रत्येक नमुना आम्लात विरघळवून तपासावा लागे. आता क्ष-किरणांच्या यंत्राने दाणे न फोडता थोड्या वेळात अंदाज घेता येतो, त्यामुळे हजारो नमुने चाळणे शक्य झाले आहे.

तिसरी अडचण संकरित वाणांची. उत्पादनाच्या बाबतीत संकर आई-बापाहून सरस निघतो, हे आपण जाणतो. परंतु लोहाच्या बाबतीत तसे घडत नाही. संकराचे लोह बहुधा आई-बाप यांच्या लोहाच्या दरम्यानच राहते. अर्थात दोन्ही वाण अधिक लोहाचे असल्याखेरीज संकर अधिक लोहाचा निघत नाही. एकाच बाजूने भागत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या जनक वाणांत हा गुण आणण्यास पैदासकारांना कित्येक वर्षे खर्ची घालावी लागली.

त्या श्रमांचे फळ आता दिसू लागले आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगर येथील संशोधन केंद्राने ‘एएचबी १२०० एफई’ (लोह ७३ मिलिग्रॅम) व ‘एएचबी १२६९ एफई’ (लोह ९१, जस्त ४३ मिलिग्रॅम) हे संकरित वाण दिले. महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या धुळे येथील केंद्राने ‘फुले महाशक्ती’ (लोह ८७, जस्त ४१ मिलिग्रॅम) हा संकर दिला. तुलनेसाठी, शेतात प्रचलित असलेल्या सर्वसाधारण वाणांत लोह ४५ ते ५० मिलिग्रॅम असते. २०१८ मध्ये अखिल भारतीय समन्वित बाजरी प्रकल्पाने याहून महत्त्वाचा निर्णय घेतला. नवीन वाण प्रसारित होण्यासाठी त्यात किमान ४२ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असलेच पाहिजे, असा दंडक घालण्यात आला. उत्पादनाबरोबर पोषणाचीही अट घालण्याचा हा उपक्रम विशेष उल्लेखनीय होय.

ज्वारीतही हे कार्य सुरू आहे. परभणी येथील विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात लोह ४५ व जस्त ३२ मिलिग्रॅम आहे. सर्वसाधारण ज्वारीत ते अनुक्रमे ३० व २० च्या आसपास असते. ह्यावरून ध्यानी येईल की, ज्वारीचा सुधारलेला वाण जेथे पोहोचतो तेथून बाजरीचा सामान्य वाण सुरुवात करतो.

शरीरास लाभ होतो काय ?

दाण्यात लोह असणे व ते रक्तात उतरणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून प्रत्यक्ष भाकरी खाऊ घालून परीक्षा घेण्यात आल्या, आणि त्या आपल्याच परिसरात झाल्या, ही समाधानाची बाब आहे.

बेळगाव जिल्ह्यातील सुमारे दोन वर्षे वयाच्या बालकांवरील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पोषक बाजरीचे पदार्थ खाणाऱ्या बालकांच्या शरीरात रोज सरासरी ०.६७ मिलिग्रॅम लोह शोषले गेले, तर साध्या बाजरीवरील बालकांच्या शरीरात ०.२३ मिलिग्रॅम. जस्ताचे शोषणही अधिक आढळले.

दुसरी परीक्षा तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ शाळकरी मुलामुलींवर झाली व तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना धनशक्तीच्या मूळ निवडीची अधिक लोहाची बाजरी, तर काहींना साधी बाजरी सहा महिने भाकरीच्या रूपाने देण्यात आली. चार महिन्यांतच पोषक बाजरीच्या गटात शरीरातील लोहाचा साठा वाढलेला दिसला. ज्या मुलांत सुरुवातीस लोहाची कमतरता होती, त्यांच्यात ती भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीच्या गटापेक्षा १.६४ पट होती. ह्याच मुलांपैकी काहींच्या चाचण्यांत लक्ष व स्मरण यांतही सुधारणा आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या घरच्या हिशेबाने पाहू. एखादी स्त्री दिवसाकाठी २०० ग्रॅम बाजरीच्या पिठाची भाकरी खाते असे धरू. ४५ मिलिग्रॅम लोहाच्या वाणातून तिला ९ मिलिग्रॅम लोह मिळेल, धनशक्तीतून सुमारे १४, आणि फुले महाशक्तीतून १७ हून थोडे अधिक. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली आहे. अर्थात केवळ भाकरीने गरज पुरी होत नाही, परंतु बी बदलल्याने, भाकरीची चव, रीत व खर्च न बदलता, तिचा मोठा वाटा उचलता येतो. येथे एक गोष्ट निक्षून सांगावयास हवी. पोषक बाजरी हे औषध नव्हे. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या, विशेषतः गरोदर स्त्रियांनी, बंद करू नयेत.

लागवडीबाबत

लागवडीची पद्धत इतर बाजरीप्रमाणेच आहे. पेरणी १५ जून ते १५ जुलै या काळात पुरेसा पाऊस झाल्यावर करावी. हेक्टरी ३ ते ४ किलो बी पुरे. दोन ओळींत ४५ व दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. अरगट रोगापासून बचावासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी बुडवावे. तरंगणारे हलके बी काढून टाकावे, तळाचे बी दोनतीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत वाळवावे. गोसावी रोगासाठी मेटॅलॅक्झिल ३५ टक्के हे औषध किलोमागे ६ ग्रॅम या प्रमाणात चोळावे. मध्यम जमिनीस हेक्टरी ५० किलो नत्र, २५ किलो स्फुरद व २५ किलो पालाश द्यावे. निम्मे नत्र पेरणीच्या वेळी व निम्मे २५ ते ३० दिवसांनी, ओल पाहून द्यावे.

आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत जस्त असूनही ते पिकास सहजी मिळत नाही. कोठारात धान्य असावे परंतु कुलपाची किल्ली हरवावी, तशी ही स्थिती होय. जमिनीतच अन्नद्रव्य मिळाले नाही तर उत्तमोत्तम वाणही दाण्यात ते भरू शकणार नाही. यास्तव मातीपरीक्षण करून घ्यावे, व जस्ताची उणीव आढळल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून द्यावे.

बियाण्याच्या बाबतीत एक फरक सर्वांनी ध्यानात ठेवावा. एएचबी व फुले महाशक्ती हे संकरित वाण असल्याने त्यांचे बी दरवर्षी नवे घ्यावे लागते. धनशक्ती हा मुक्त परागीभवनाचा वाण आहे. त्याचे बी शेतकऱ्यास दोन-तीन वर्षे घरी राखता येते. मात्र शेजारच्या बाजरीचे पराग उडून आल्यास पुढच्या पिढीत लोहाचा गुण पातळ होत जाईल. म्हणून बियाण्यासाठी राखलेला तुकडा दुसऱ्या बाजरीपासून निदान २०० मीटर दूर असावा, वेगळ्या ठेवणीची झाडे फुलोऱ्यापूर्वी उपटून टाकावीत, व तुकड्याच्या मधल्या भागातील काही शे निरोगी कणसे निवडून वेगळी मळावीत. तीन वर्षांनी शुद्ध बी पुनः आणावे.

खळ्यापासून ताटापर्यंत

दाण्यात आलेले लोह स्वयंपाकघरात वाया जाऊ देऊ नये. लोह व जस्त यांचा मोठा अंश दाण्याच्या कोंड्यात व अंकुरात असतो. बाजरी सडून पांढरी केली, वा पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकला, तर वर्षभर शेतात केलेले कष्ट गोठ्यात जातात. अख्ख्या दाण्याचे पीठ दळावे. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ लवकर कडवट होते. म्हणून दळण थोडे थोडे, आठवड्यापुरतेच करावे.

बाजरीतील फायटेट नावाचे द्रव्य लोहास धरून ठेवते. दाणे भिजवून मोड आणल्याने वा पीठ आंबविल्याने ते कमी होते. भाकरीबरोबर लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो वा हिरवी पालेभाजी असल्यास लोह अधिक शोषले जाते. उलट जेवणासोबत वा लगेच नंतर घेतलेला चहा लोहाच्या शोषणास आड येतो. चहा व जेवण यांत तासाभराचे तरी अंतर ठेवावे. हुरडा, कण्या, खिचडी ह्या आपल्या जुन्या पदार्थांना लहान मुलांच्या ताटात पुनः स्थान द्यावे.

कार्यकर्त्यांसाठी काही सूचना

शेतकऱ्याचा पहिला प्रश्न हाच असेल : ‘बाजारात भाव जास्त मिळतो काय ?’ ह्यास प्रामाणिक उत्तर द्यावे. अडत्याच्या दुकानात लोहाची तपासणी होत नाही, व पोषक बाजरी साध्या बाजरीच्या ढिगातच जाते. म्हणून केवळ विक्रीसाठी पीक घेणाऱ्याने उत्पादन व रोगप्रतिकार पाहून वाण निवडावा. ह्या वाणांत तेही गुण आहेत. परंतु जो शेतकरी घरच्या भाकरीसाठी बाजरी पेरतो, त्याच्याच घरात ह्या वाणाचा खरा मोबदला पदरात पडतो. म्हणून कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टींवर भर द्यावा :

१. प्रथम घरखर्चाच्या बाजरीचा तुकडा पोषक वाणाखाली आणावा. एक एकरही पुष्कळ आहे.

२. हे धान्य कणगीत वेगळे ठेवण्यास सांगावे, अन्यथा ते इतर धान्यात मिसळून त्याचा हेतूच नष्ट होतो.

३. चर्चेस स्त्रियांना अवश्य बोलवावे. बी पुरुष आणतो, पण चाळणी बाईच्या हाती असते. आणि रक्तक्षयही बहुतांशी तिच्याच वाट्यास येतो.

४. महिला बचत गटांनी अंगणवाडी व शाळेच्या आहारासाठी पोषक बाजरी पुरविता येईल काय, हे पंचायतीशी बोलून पाहावे.

५. बियाणे प्रमाणित व मोहोरबंद असल्याची खात्री करून घ्यावी. पोषक बाजरीच्या नावाखाली साधी बाजरी विकली गेल्यास ती डोळ्यांनी ओळखता येणार नाही, म्हणून पावती व पिशवीवरील चिठ्ठी जपून ठेवावी.

शेतकऱ्याने आजवर वाण निवडताना कणसाची लांबी पाहिली, दाण्याचा टपोरेपणा पाहिला, कडब्याची उंची पाहिली. ह्या सर्व गोष्टी बांधावर उभे राहून पाहता येतात. घरातील लेकीचा थकवा मात्र बांधावरून दिसत नाही. पुढील खरिपात बी घेताना त्याचाही विचार व्हावा, आणि त्यासाठी वेगळा खर्च नाही, वेगळी मशागत नाही, एवढेच ह्या लेखाद्वारे निवेदन आहे.